पुढील खुर्ची

पहाटे ५:३५

खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलाय, म्हणजे बाहेर उणे पंधराच्या आसपास असणार. तीन हिवाळे काढल्यावर थर्मामीटर बघायची गरज उरत नाही. चहा उकळेपर्यंत अंगावर एकेक थर चढवते. पायात मोजा एकच, जाड. दोन घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. हे शहाणपण डोंबिवलीत मिळण्यासारखं नव्हतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ओकानागन खोऱ्याच्या वरच्या अंगाला, स्कीच्या एका डोंगरावर मी लिफ्टवर काम करते. केलोनाला शिकायला आले, शिक्षण संपलं, कामाचा परवाना मिळाला, आणि ऑफिसातली नोकरी धरण्याआधी एकच हिवाळा म्हणून वर आले तो हा तिसरा. पहिलं वर्षभर आईची समजूत होती की मी कुठल्याशा इमारतीत लिफ्टमन आहे. त्यासाठी एवढी फी भरायची काय गरज होती, असं ती मावशीला म्हणाली म्हणे. मग एकदा व्हिडिओ पाठवला. डोंगरावरून जाणारा जाड तारेचा दोर, दोराला लटकलेल्या चार-चार जणांच्या खुर्च्या, आणि खाली बर्फात उभी राहून लोकांना त्यांत बसवणारी मी. तेव्हापासून आई रोज एकच विचारते, "आज किती पडले?"

आज फेब्रुवारीतला तिसरा सोमवार. प्रांतात फॅमिली डेची सुट्टी, त्यामुळे आज बरेच पडणार.

७:००

बैठक. रात्रीतून अकरा सेंटिमीटर बर्फ, दुपारनंतर वारा. आमची सुपरवायझर फार बोलत नाही. आज एवढंच म्हणाली, "नवशिक्यांचा दिवस आहे. वेग कमी करायला लाजू नका." बाकी सगळ्यांचे डोळे कॉफीत.

७:२०

फावडं. या कामाचा निम्मा पगार फावड्याचा आहे असं माझं मत आहे. लोकांना वाटतं लिफ्टचा धोका उंचीवर असतो, मधल्या खांबांपाशी, जिथे खाली झाडांचे शेंडे दिसतात. तिथे सहसा काही होत नाही. जे काही होतं ते दोन टोकांच्या चार-पाच मीटरांत होतं, आणि ते चार-पाच मीटर कसे असतील हे सकाळी माझ्या फावड्यावर ठरतं.

बसायच्या जागी बर्फ सपाट हवा आणि खुर्चीची कड माणसाच्या गुडघ्यामागच्या खळगीला लागेल इतक्याच उंचीवर हवा. बर्फ कमी झाला की खुर्ची उंच पडते आणि बुटक्या माणसाला ती उचलतच नाही. जास्त झाला की उंच माणसाचे गुडघे हनुवटीला टेकतात. त्यात स्नोबोर्डवाल्यांनी रोज तिथेच पाय ढकलत जायचं, त्यामुळे मधोमध खड्डा पडतो आणि दोन्ही बाजूंना वरंबे होतात. स्कीवाला वरंब्यावरून जातो. बोर्डवाल्याची फळी मात्र वरंब्याला अडली की तिरकी होते, आणि तिरकी फळी म्हणजे पुढच्या आठ सेकंदांत माझं लाल बटण. म्हणून मी दंताळ्यानं तो पट्टा शेणानं सारवल्यासारखा सपाट करते. जोडीला असलेला ऑस्ट्रेलियन पोरगा एकेका खुर्चीवरचा बर्फ झाडूनं उडवतो. ओल्या गादीवर कोणी बसू नये म्हणून हे करतो, हे एक कारण. दुसरं, गोठलेल्या गादीवरून माणूस पुढे घसरतो.

८:१०

तपासण्या. मेकॅनिक मोटार, ब्रेक, डिझेलवरचं राखीव इंजिन बघून गेला. आम्ही बघायचं ते थांबवायची बटणं, वर-खाली बोलायचा फोन, आणि वरच्या टोकाची झडप. उतरायची जागा चुकवून कोणी खुर्चीतच राहिला तर त्याचे पाय या झडपेच्या दांडीला लागतात आणि लिफ्ट आपोआप थांबते. रोज सकाळी दांडी हातानं ढकलून खरंच थांबते का ते पाहायचं, वहीत वेळ लिहायची, सही करायची. कॅनडात अशा दोरवाटांसाठी सीएसए झेड ९८ नावाचं मानक आहे आणि आमच्या प्रांतात टेक्निकल सेफ्टी बीसी त्यावर लक्ष ठेवतं. त्यामुळे वही हा इथला देव आहे. पहिल्या महिन्यात मला हा सगळा सरकारी खाक्या वाटायचा. आता वही भरल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

८:४०

दार उघडायला वीस मिनिटं. रिकाम्या खुर्च्या फिरताहेत. या घडीला मला हटकून केळी आठवतात, आणि त्याला कारण आहे.

जगातली पहिली खुर्ची-लिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीला सुरू झाली. ती काढली युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन या इंजिनिअरनं. त्यानं आधी जहाजात केळीचे घड चढवण्याची यंत्रं पाहिली होती: फिरता दोर, त्याला आकडे, आकड्याला घड. त्यानं आकड्याच्या जागी खुर्ची लावली. धावती खुर्ची माणसाला किती वेगानं उचलू शकते हे पाहण्यासाठी ओमाहाला ट्रकच्या कडेला खुर्ची लटकवून प्रयोग केले. तिथे बर्फ नव्हता, म्हणून माणसाच्या पायात रोलर स्केट्स. माझं आजोळ रावेरचं. आजोबांच्या मळ्यातले घड ट्रकमध्ये चढताना मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहेत, त्यामुळे ही गोष्ट ऐकली तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही. घड आकड्याला धरायला धावत नाही. तो जागेवर असतो, आकडा येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. खुर्ची आली १९३६ साली. बर्फावर आडवं उभं राहायची फळी आली १९६५ च्या नाताळात, मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या तेव्हा. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं खुर्चीनं फक्त स्कीवाले पाहिले होते. पुढे बोर्डवाले आले तेव्हा बऱ्याच डोंगरांनी त्यांना लिफ्टवर घ्यायलाच नकार दिला. अमेरिकेत आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी अजूनही बोर्डला बंदी आहे. मी स्वतः बोर्डवाली. मला ती बंदी पटत नाही. पण खुर्ची आपल्यासाठी घडलेली नाही, आपण तिच्याकडे पाहुणे आहोत, हे प्रत्येक बोर्डवाल्यानं मनात ठेवलं तर माझं काम निम्मं होईल.

९:००

दार उघडलं. पहिला अर्धा तास सोपा. ताज्या बर्फाला हपापलेले, डोळे मिटून बसू शकतील असे लोक. त्यांना "गुड मॉर्निंग" म्हणायचं आणि खुर्ची हातानं जरा मागे धरायची, म्हणजे पोटऱ्यांवर दणका बसत नाही. आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची, खुर्ची दोराला कायमची घट्ट. नव्या लिफ्टमध्ये खुर्ची स्थानकात आली की दोरापासून सुटते आणि रांगत येते. मधल्या वाटेवर मात्र सेकंदाला पाच मीटर पळते. आमची सगळीकडे एकाच चालीनं, सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास. ऐकायला संथ वाटतं. पाठीमागून येते तेव्हा तसं वाटत नाही. दर आठ सेकंदांना एक खुर्ची.

बोर्डवाल्याची अडचण मुळात शरीराची आहे. स्कीवाला दोन्ही पाय समोर करून येतो आणि तसाच बसतो. बोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले. रांगेत सरकायचं म्हणून तो मागचा पाय सोडवतो आणि त्या पायानं, पोरं स्कूटर ढकलतात तसा, पुढे रेटत येतो. पुढचा पाय जखडलेलाच. फळी सरळ ठेवावी तर गुडघा आत पिळतो, गुडघा मोकळा सोडावा तर फळी आडवी होऊन शेजाऱ्याच्या स्कीवर चढते. मग पुढचा पायही सोडून फळी हातात का घेऊ नये, असं दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं. कारण वर उतरताना घसरायला काहीतरी पायाला हवं, आणि हातातली फळी दहा मीटरवरून सुटली तर खाली माणसं आहेत. पुढच्या पायाचे पट्टे रांगेतच पुन्हा आवळून घ्या असं म्हणते ते याचसाठी. बंद डब्याच्या गोंडोल्याची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही पाय सोडवून बोर्ड हातात घेऊनच आत शिरायचं असतं.

९:५०

रांग वळणापर्यंत गेली. आणि त्या रांगेतून मराठी ऐकू आलं. "अगं सरक, सरक, आपली आली!"

पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ, भाड्याचा बोर्ड, नव्या जाकिटाला किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली. सोबत बायको, स्कीवर, शांत. आणि चौदा-पंधराचा मुलगा, बोर्डवर, बाबा आपले नाहीतच अशा चेहऱ्यानं.

"काका, थांबा, ही नाही, पुढची," मी म्हणाले.

रांगेतले चारजण चमकले, काका सगळ्यांत जास्त. "तुम्ही मराठी? कुठल्या?"

"डोंबिवली. बोर्ड सरळ करा काका, टोक वरच्या दिशेला. पहिल्यांदाच बसताय का?"

इथे एक क्षण जातो. हा क्षण मी रोज पाहते, सगळ्या भाषांत. पहिल्यांदा आहे असं सांगायची लाज. इथल्या डोंगरांवर लावलेल्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय की लिफ्टवर चढायचं-उतरायचं कसं याची शंका असेल तर लिफ्टवरच्या माणसाला विचारा. विचारत कोणी नाही. विचारलं असतं तर मी पिवळं बटण दाबून लिफ्ट निम्म्या चालीवर आणली असती; त्याचे पैसे पडत नाहीत.

काका म्हणाले, "वीस वर्षं विरार लोकल पकडलीय मी. ही काय खुर्ची!"

मी बटण दाबायला वळेपर्यंत खुर्ची आली होती. आणि काकांनी विरार लोकल पकडतात तशीच ती पकडली. मागे बघून झेप घेतली, दांडा धरला, अंग वर ओढलं. झेप घेताना फळी आडवी झाली, टोक बर्फात रुतलं, आणि काका खुर्चीच्या कडेवर अर्धे बसलेले, अर्धे लोंबकळलेले. लाल बटण. खुर्ची झुलून थांबली. खाली जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे काही झालं नाही, पण काकूंच्या तोंडून "अहो!" एवढंच निघालं, आणि त्या एका शब्दात सगळा संसार होता.

मी काकांना बाजूला घेतलं. गाडी आणि खुर्ची यांच्यातला फरक मला डोंबिवलीकर म्हणून सांगता आला, तो ऑस्ट्रेलियन पोराला आला नसता. गाडी आपल्यासाठी थांबत नाही म्हणून आपण तिच्यावर तुटून पडतो. खुर्चीवर तुटून पडायचं नाही. आधीची खुर्ची समोरून गेली की लगेच तिच्यामागे रेघेपर्यंत सरकायचं आणि उभं राहायचं. फळीचं टोक नाकासमोर. मोकळा पाय फळीवर, मागच्या बाइंडिंगला, म्हणजे बूट बांधायच्या पट्ट्यांना टेकवून, जिथे खरखरीत पट्टी चिकटवलेली असते तिथे. मान वळवून बाहेरच्या खांद्यावरून बघायचं, हात मागे करून खुर्चीची कड चाचपायची, आणि ती गुडघ्यामागे लागली की फक्त बसायचं, घरच्या सोफ्यावर बसतो तसं, मागे टेकून. बसल्याबरोबर फळीचं टोक उचलायचं, कारण पुढे दोन हातांवर बर्फाचा काठ आहे आणि तिथे टोक रुतलं तर फळी पायासकट माणसाला खाली ओढते.

"आणि तुमचा डावा पाय पुढे आहे, तर डाव्या टोकाला बसा," मी म्हणाले.

"का?"

"बसल्यावर फळी आपोआप डावीकडे वळते. टोकाला बसलात तर हवेत राहील. मधे बसलात तर काकूंच्या मांडीवर."

उजवा पाय पुढे असलेल्यानं उजवं टोक धरायचं. मुलगा नेमका तसा निघाला, गूफी म्हणतात इथे अशांना. म्हणजे बाप डावीकडे, पोरगा उजवीकडे, मधे काकू सुरक्षित. अर्ध्या चालीवर तिघं बसले. "डोकी सांभाळा" म्हणून मगच डोक्यावरचा सुरक्षेचा दांडा खाली घ्या, असं ओरडून सांगितलं. काकांनी दांडा घेतला आणि मग डोकी सांभाळा म्हणाले.

१०:४५

आम्ही तासा-दीड तासानं जागा बदलतो, नाहीतर डोळे थिजतात. मी वर आले. वरची खोपटी मला जास्त आवडते. काच, हीटर, एक स्टूल, आणि समोर खुर्च्या एकामागून एक धुक्यातून निघतात. खाली लोकांना मी दिसते. वर त्यांना फक्त उतार दिसतो.

वर येईपर्यंत आठ मिनिटं त्यांच्या पुढच्या पायाला बोर्ड, बाइंडिंग आणि बूट मिळून पाच-सहा किलो लटकलेले असतात, तेही पिळलेल्या गुडघ्याला. शहाणी माणसं मोकळा पाय फळीखाली घालून वजन उचलून धरतात किंवा फळी दांड्याच्या पायटेकणीवर ठेवतात. नवशिके पाय तसाच लोंबू देतात आणि उतरायच्या वेळी तो बधिर असतो. त्यात मोबाइल. हातमोजा दातात, फोन हातात, काठ्या काखेत, आणि दांडा वर करायची पाटी कधीच मागे गेलेली.

उतरणं म्हणजे उठून उभं राहणं, एवढंच खरं तर. पण त्याआधी अंगाला वळण लागतं. डावा पाय पुढे असेल तर खुर्चीतच कुल्ला फिरवून डावी बाजू पुढे आणायची, म्हणजे फळी सरळ होते. टोक वर. फळी बर्फाला सपाट टेकली की मोकळा पाय तिच्यावर, बाइंडिंगला चिकटून, आणि उभं राहायचं. उडी नाही. खुर्चीला ढकलायचं नाही, तीच आपल्याला ढकलते. गुडघे सैल, नजर दूर, समोरच्या झाडावर. पायाकडे पाहिलं की पडलाच. धावत्या गाडीतून उतरणारा (आईनं हे वाचू नये) गाडीच्या दिशेनं चार पावलं पळतो, तिथे झटकन थांबायला गेला तर तोंडावर आपटतो. इथेही वेग मोडायचा नाही, सपाटी येईपर्यंत सरळ घसरत जायचं. मोकळा पाय ब्रेकसारखा बर्फात घासला की फळी गरकन फिरते, हे कोणी कितीही सांगितलं तरी प्रत्येकजण एकदा करून बघतो.

आणि सगळ्यांत जुना अपघात: शेजाऱ्याचा हात धरणं. तोल जाताना माणसाचा हात आपोआप जवळच्या बाहीला जातो. एक पडायचा तिथे तीन पडतात.

११:२० ला, पुढच्या एका फेरीत, धुक्यातून ते तिघं आले. मी आधीच चाल कमी केली. मुलगा सुळकन गेला. काकू गेल्या, न बघता, जणू रोजच्या आहेत. काका उभे राहिले, दोन मीटर छान घसरले, मग खाली पायाकडे पाहिलं, आणि हात काकूंच्या बाहीकडे गेला. दोघंही बसले. लाल बटण. "बाजूला, बाजूला!" काका उठून कपडे झटकायला लागले. हीच ती वेळ. मागची खुर्ची आठ सेकंदांवर आहे, मी थांबवली नसती तर ती कमरेत बसली असती. पडलात तर आधी रांगत, लोळत, कसंही वाटेतून बाजूला व्हा, अब्रू नंतर झाडा. पट्टे बांधायलाही उताराच्या तोंडाशी बसायचं नाही.

"उतरलो तरी कसं?" काकांनी विचारलं.

"विरारला सगळेच उतरतात काका, तुम्ही डोंबिवलीला उतरलात."

काकू हसल्या. काकांना ते पटलं नाही.

१२:३०

जेवण: डब्यातली पोळी-भाजी, हीटरवर ठेवून अर्धी गरम, अर्धी गोठलेली. उरलेल्या वीस मिनिटांत बोर्ड बांधून एक फेरी.

बसण्याआधी पाठीवरची पिशवी पुढे मांडीवर घेते. हे मी शिकले ते फुकट नाही. पहिल्या हिवाळ्यात, कामाला लागण्याआधी, दुसऱ्याच एका डोंगरावर पिशवी पाठीला तशीच ठेवून बसले होते. उतरायला उठले आणि लोंबणारा पट्टा खुर्चीच्या फटीत अडकला. मी उभी, खुर्ची निघालेली, पिशवी तिच्याबरोबर आणि मी पिशवीबरोबर. दोन्ही पाय हवेत. तिथल्या मुलाची पाठ होती. तो फोनवर बोलत होता, कामाच्या की स्वतःच्या ते माहीत नाही. झडपेच्या दांडीला माझी फळी लागली म्हणून लिफ्ट थांबली. सकाळी ती दांडी ढकलताना मी जरा जास्तच जोरात ढकलते, असं मेकॅनिक म्हणतो. पिशवीचे पट्टे, टोपीच्या नाड्या, मफलर, मोकळे केस. लोंबणारं काहीही आधी आवरा.

१:१५

दुपारी टी-बार. हा बोर्डवाल्यांचा खरा शत्रू. इथे खुर्ची नाही, वरून लोंबणारा उलट्या टी आकाराचा दांडा असतो आणि तो माणसाला जमिनीवरूनच ओढत नेतो. स्कीवाले दोघं दोन बाजूंनी तो ढुंगणाखाली घेऊन गप्पा मारत वर जातात. बोर्डवाल्यानं तो पुढच्या मांडीमागे, अगदी वर, जांघेपाशी घ्यायचा, आणि त्यावर बसायचं नाही. बसलात की दांडा खाली जातो आणि तुम्हीही. त्याला फक्त ओढू द्यायचं. वजन पुढच्या पायावर, मोकळा पाय मागच्या बाइंडिंगला घट्ट टेकलेला, फळी चाकोरीत. दोन बोर्डवाले जोडीनं जाणार असतील तर एक डाव्या पायाचा आणि एक उजव्या पायाचा घ्यावा, म्हणजे तोंडं समोरासमोर येतात आणि तोल सांभाळता येतो. एकाच पायाचे दोघं एकमेकांच्या पाठीत कोपरं मारत जातात आणि तिसऱ्या खांबापाशी मैत्री संपते.

पडलात तर दांडा सोडून द्या. सोडत नाहीत लोक! ओढत जातात पोटावर, वीस-वीस मीटर, जणू सोडला तर पुन्हा मिळणार नाही. मागून दुसरा येतोय आणि तो सरळ तुमच्यावर चढणार आहे. सोडा आणि लोळत चाकोरीबाहेर व्हा.

त्यापेक्षा शेजारचा लहान मुलांचा सरकता पट्टा बरा. आम्ही त्याला जादूचा गालिचा म्हणतो. उभं राहा, बसू नका, संपला की पुढे सरका. तिथे सहा वर्षांची एक चिमुरडी प्रत्येक वेळी उतरताना मला सलाम ठोकते.

२:४०

वारा आला. सांगितल्यापेक्षा अर्धा तास आधी. मी परत खुर्चीच्या खालच्या टोकाला. रिकाम्या खुर्च्या कलायला लागल्या की कळतं. चाल कमी, मग आणखी कमी, मग वरून फोन: थांबव. दोर थांबला की लांबवर त्याचा झोका जातो, मधले लोक पाळण्यासारखे खालीवर होतात. म्हणूनच शक्य असेल तेव्हा आधी संथ, मग बंद.

चौथ्या खांबापाशी दोन पोरं, बोर्डवाली, विशीतली. खाली साताठ मीटर. एकानं दांडा वर केला. मला पोटात कळ आली. उडी मारायच्या बेतात असलेला माणूस लांबूनही ओळखू येतो, तो आधी बर्फाची खोली मोजतो. वरून बर्फ कापसासारखा दिसतो, आणि त्याखाली दगड आहे की खोडाचा बुंधा, हे वरून दिसत नाही. मी भोंगा उचलला. "दांडा खाली. बसून राहा. दहा मिनिटं." दहा मिनिटं हे मी मनानं सांगितलं. मोटार बिघडली तर डिझेल इंजिन असतं, तेही गेलं तर गस्तीवाले दोर लावून एकेकाला उतरवतात, त्याचा सराव आम्ही हंगामाआधी करतो आणि मी त्यात उतरवून घेणाऱ्या बाहुलीचं काम केलं आहे. हे सगळं भोंग्यातून सांगता येत नाही. दांडा खाली आला. मोजून नऊ मिनिटांनी लिफ्ट संथ चालीनं सुरू झाली. ती पोरं वर उतरल्यावर थेट कॅफेत गेली म्हणे.

३:३०

शेवटची खुर्ची. दोरी आडवी लावली. अजून एकच, प्लीज, असं म्हणणारे रोजचे सातआठ. त्यांत काका.

"एकदा न पडता उतरलो," ते म्हणाले. "तुम्ही वर नव्हतात तेव्हा."

"काकू साक्षीला आहेत?"

"ती खाली चहा पीत होती."

मुलगा म्हणाला, "खरंय. मी पाहिलं." आणि पहिल्यांदाच त्यानं ते बाबा आपले असल्यासारखं बोट दाखवलं. मी दोरी उचलली. हे नियमात बसत नाही. सुपरवायझर बघत होती, तिनं मान दुसरीकडे केली. काका रेघेवर आले, उभे राहिले, खांद्यावरून मागे पाहिलं. खुर्ची आली, बसले. दांड्याला हातही लावला नाही. टोक वर.

मागून पुन्हा आवाज आला, "डोकी सांभाळा!" आणि मग दांडा.

४:५०

शेवटची खुर्ची खुणेचा झेंडा लावून सोडली. ती वर पोचल्याचा फोन आला, गस्तीवाले डोंगर झाडत खाली आले, मोटार बंद. खुर्च्या थोडा वेळ आपल्याआपण झुलतात. दोराखाली सापडलेला माल: हातमोजे तीन, तिन्ही डाव्या हाताचे, एक फोन, एक चॉकलेट, न उघडलेलं. चॉकलेट वहीत लिहीत नाही.

वही: वाऱ्यासाठी बंद २:४४ ते २:५३. इतर थांबे चौदा. चढताना नऊ, उतरताना पाच. इजा नाही.

५:४५

बस घाटातून उतरतेय. माझा फोन, म्हणजे तिकडे मंगळवार सकाळचे सव्वासात. आई डोंबिवलीला फलाटावर, मागे उद्घोषणा.

"आज किती पडले?"

"चौदा वेळा थांबवली. त्यात एक विरारचे काका होते, तीनदा."

"विरारचे? कशात पडले?"

"बसताना."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "विरारवाल्यांना बसायची सवयच नाही गं. चल, ठेवते, आली गाडी."